एकतीस अंगठे

सी लारूसींचं टेबल नगरपालिकेच्या दारापासून बारा पावलांवर असायचं. (आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाच्या नावाआधी मानाने 'सी' लावतात.) परवान्यात लिहिलं होतं, दाराच्या दहा मीटरच्या आत बसू नये. पहिल्याच दिवशी त्यांनी स्वतः मीटरभराच्या ढांगा टाकत अंतर मोजलं आणि वर दोन पावलं जास्तीची सोडली. सव्वीस वर्षं ते टेबल तिथंच होतं. वर छत्री, खाली टाइपरायटर, आणि मागच्या भिंतीला खिळ्यावर अडकवलेला परवाना.

गावात ज्यांना लिहिता येत नाही ते त्यांच्याकडे जायचे. लिहिता येतं पण सरकारी कागदावर काय लिहायचं ते कळत नाही, असेही जायचे. विधवेचं निवृत्तिवेतन, जमिनीची वाटणी, मुलाची बदली, शेजाऱ्याची बोकडं. सी लारूसी आधी पेन खाली ठेवायचे आणि ऐकायचे. समोरचा रडायचा, शिव्या द्यायचा, शपथा घ्यायचा. मग ते विचारायचे, "हे सगळं खरं. पण तुला हवंय काय?" इथे बरेचजण पुन्हा पहिल्यापासून सांगू लागायचे.

मग ते लिहायचे. गल्लीतली भाषा त्यांनी कागदावर कधी उतरू दिली नाही. शुद्ध अरबी, कोर्टातली, आणि सुरुवात ठरलेली: 'मी, खाली सही करणारा' किंवा 'खाली सही करणारी'. लिहून झालं की दोनदा वाचून दाखवायचे. एकदा जसं लिहिलंय तसं, आणि एकदा आपल्या बोलीत. समोरचा "हो, हेच" म्हणाला की एका जाड वहीत प्रत चिकटवायची आणि तिच्याखाली अंगठा घ्यायचा. अंगठ्याशिवाय कागद टेबलावरून उठायचा नाही.

मी स्फाक्सच्या विद्यापीठात अरबी साहित्य शिकलो, परत आलो आणि पाच वर्षं रिकामा बसलो. नोकरीचे अर्ज टाइप करून घ्यायला त्यांच्याकडे जाऊ लागलो. माझा पहिला अर्ज त्यांनी वाचला आणि अर्धा खोडला.

"हे काय? भाषा चांगली हवी ना, सी लारूसी."

"भाषा चांगलीच आहे. पण अर्जात विशेषणं नकोत, उस्ताद. विशेषण दिसलं की कारकून चहाला उठतो."

उस्ताद हे नाव तेव्हा पडलं. त्यात थट्टा होती आणि थोडा मानही. माझं नाव नौफल आहे हे ते बहुधा विसरले होते. नोकरी लागली नाही, पण मी रोज टेबलाशी जाऊन बसू लागलो. ते माझ्यापेक्षा चौतीस वर्षांनी मोठे होते. दुसरा कोणी मित्र मला त्या काळात नव्हता.

शल्बियामावशीला मी त्या टेबलाशीच ओळखू लागलो. आमच्या किनाऱ्यावर ओहोटीला पाणी लांब मागे सरतं आणि चिखल उघडा पडतो. तेव्हा बायका त्यात उतरतात, कमरेत वाकून खुरप्यानं तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढतात, आणि पाणी वळलं की परततात. शल्बियामावशी त्यांच्यात सर्वांत जुनी. किनाऱ्यावरचा नळ नगरपालिकेने तोडला होता, त्याबद्दल ती आली होती.

"लिही," ती म्हणाली. "नगराध्यक्षाला म्हणावं, तुझ्या घशाला कोरड पडो, तुझ्या पोरांच्या घशाला कोरड पडो, नळ तोडला तो हात झडो."

सी लारूसींनी लिहिलं आणि वाचून दाखवलं. 'सदर नळ बंद झाल्याने होणाऱ्या गैरसोयीबद्दल मी तीव्र खेद नोंदवते.'

"एवढंच? मी तर ढीगभर शिव्या दिल्या."

"आहेत त्या आत."

"कुठे?"

"'तीव्र'मध्ये."

ती खो खो हसली आणि अंगठा दिला. नळ तीन महिन्यांनी आला.

गेल्या वर्षी एका कंपनीने तो चिखलाचा पट्टा मागितला. समुद्रात माशांचे पिंजरे, किनाऱ्यावर धक्का, भोवती कुंपण. गाळ उपसायचं यंत्र मंजुरीच्या आधीच येऊन कामाला लागलं होतं. नगरपालिकेने तीस दिवसांत हरकती मागवल्या. बायका सी लारूसींकडून अर्ज लिहून घेऊन खिडकीवर गेल्या. खिडकीतल्या माणसाने कागद परत सरकवले. हरकती आता कागदावर घेत नाही, म्हणाला. फेसबुकवर नगरपालिकेच्या पानावर सूचना आहे, तिच्याखाली लिहा. ज्याचं खातं, त्याची हरकत.

एकतीस बायका बारा पावलं चालून पुन्हा टेबलाशी आल्या.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या वर्षी मला गाबेस शहरात एका खाजगी शिकवणीत काम मिळालं होतं. सोमवार ते शनिवार तिकडे. गावात यायचो रविवारी, आणि रविवारी टेबल नसायचं. सी लारूसींच्या घरी अंगणात आम्ही बदाम घातलेला हिरवा चहा घेत बसायचो. कामाबद्दल ते बोलत नसत. एकाचा कागद दुसऱ्याच्या कानावर घालायचा नाही, हा त्यांचा नियम होता.

एक गोष्ट मीही त्यांना सांगितली नव्हती. सीदी सालेम हे आमचं गाव, आणि 'सीदी सालेमचा आवाज' नावाच्या फेसबुक गटाचा मी एक चालक होतो. गटात बावीस हजार माणसं. चालकांनी आपली नावं बाहेर सांगायची नाहीत असं ठरलं होतं.

पैसे घेऊन खोट्या नावांनी लिहिणाऱ्या खात्यांना आमच्याकडे माश्या म्हणतात. मागच्या निवडणुकीत गावातल्या एका शिक्षिकेने एका उमेदवाराला भर सभेत प्रश्न विचारला होता. दुसऱ्या दिवसापासून चाळीस माश्या तिच्यावर तुटून पडल्या. तिच्या चारित्र्याबद्दल, तिच्या मुलाच्या बापाबद्दल. सगळ्यांचे शब्द तेच. आम्ही सगळे वाचत होतो. कोणी काही बोललं नाही. पावसाळ्याआधी ती घर विकून गेली. आमची मुख्य चालक रौदा तिची भाची. रौदा शाळेत माझ्याच वर्गातली, आता राजधानीत औषधाचं दुकान चालवते. पुन्हा असं होऊ द्यायचं नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. मीही.

एका रविवारी दुपारी तिचा फोन आला.

"नगरपालिकेच्या पानावर बघ. हरकतींची झुंबड उडालीय."

"चांगलंच आहे की. आपणही त्या कंपनीच्या विरुद्धच आहोत."

"आपण आहोत. पण तो उमेदवारही आता विरुद्ध झालाय. माश्या पोसणारा. त्याला तोच किनारा स्वतःला हवाय. तू वाच तर खरं. तू साहित्यवाला ना? एकाच हाताचं आहे का, सांग."

मी वाचलं. एकतीस खाती. सगळी एकाच आठवड्यात उघडलेली. नावं 'अमक्याची आई', 'तमक्याची आजी' अशी. एकाही खात्यावर चेहरा नाही, कुठे गुलाब, कुठे नातवंड, कुठे समुद्र. प्रत्येकीच्या मैत्रिणी म्हणजे उरलेल्या तीस. जन्मतारीख सगळ्यांची एकच, एक जानेवारी. प्रत्येक हरकत 'मी, खाली सही करणारी' अशी सुरू होत होती, आणि खाली कुठेही सही नव्हती. फेसबुकवर असं कोण लिहितं? काळ्या गाळामुळे दोन मुलांच्या अंगावर पुरळ उठल्याचं वाक्य सगळ्यांत होतं, थोड्या फरकाने.

मग मी वेळा पाहिल्या. सोमवारी अकरा. मंगळवारी पावणेबारा. बुधवारी साडेबारा. गुरुवारी दीड. दर वेळी पाच-सात खाती, लागोपाठ. रोज पाऊण तास, पन्नास मिनिटं उशीर. मग चार दिवस काहीच नाही. पंधरवड्याने पुन्हा अकरापासून. एकदा लिहून न थांबता तीच खाती परत परत लिहीत होती, कारण वर नवा मजकूर आला की जुनी हरकत खाली ढकलली जात होती. माणूस असं वागत नाही, मी रौदाला म्हणालो. माणूस रोज जेवल्यावर लिहील, किंवा कधीही लिहील. रोज ठरावीक मिनिटं पुढे सरकतं ते यंत्र.

मी तक्ता केला. नावं, तारखा, वेळा, समान वाक्यं लाल रंगात. तक्ता करताना मला आनंद होत होता, हे इथे लिहायला हवं. स्फाक्सला जे शिकलो त्याचा पहिल्यांदा उपयोग होत होता.

चार वाजता आम्ही तो गटावर टाकला. मथळा रौदाने दिला: 'एकतीस माश्या.' संध्याकाळपर्यंत नऊशे लोकांनी तो पुढे पाठवला होता. "फवारणी करा!" एकाने लिहिलं. "शेपट्या धरून ओढून काढा!" दुसऱ्याने लिहिलं. माशीला शेपूट नसते, असं तिसऱ्याने लिहिलं, आणि त्यालाही माशी ठरवण्यात आलं.

सोमवारी शिकवणीला सुट्टी होती. जन्माचा दाखला काढायला मी नगरपालिकेत गेलो. टेबलासमोर बायकांची रांग होती. झग्यांच्या कडा ओल्या, पायांना वाळलेला चिखल, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले फोन. सी लारूसी चष्मा कपाळावर चढवून एका फोनवर एका बोटाने काहीतरी टाइप करत होते. टाइपरायटर झाकलेला होता.

मला वाटलं, मदतीच्या योजनेचे अर्ज असतील.

त्यांनी टाइप करणं थांबवलं आणि समोरच्या बाईला वाचून दाखवलं. "मी, खाली सही करणारी..."

मी तिथेच उभा राहिलो. त्यांनी तेच पुन्हा बोलीत वाचलं. बाई म्हणाली, "हो, हेच." मग त्यांनी वही उघडली, तिच्यात मजकूर हाताने उतरवून घेतला आणि अंगठा घेतला. फोनवर अंगठ्याला जागा नव्हती, म्हणून.

"ये उस्ताद," ते म्हणाले. "आज इकडे कुठे?"

"हे तुम्ही लिहिताय?"

"हे बाई लिहितायत. मी बोट चालवतो."

शल्बियामावशी रांगेत पुढे होती. "एका बोटानं चालवतो रे! आमचं पाणी परत येईल तरी याचं संपणार नाही."

"तुम्ही सगळ्या रोज येता?"

"समुद्रातून आलो की सरळ इथंच. घरी गेलं की मग चूल, पोरं, कोण परत बाहेर पडतंय? आणि भांगाचे, अर्ध्या चंद्राचे चार दिवस पाणी हटतच नाही. तेव्हा आम्हीही नाही न् हाही नाही."

मी बसलो. 'मी, खाली सही करणारी' हे शब्द याच टेबलाशी मी वर्षानुवर्षं ऐकले होते, आणि फेसबुकवर मला ते ओळखू आले नव्हते. समुद्र माझ्या घरापासून दोन किलोमीटरवर आहे. ओहोटी रोज पन्नास मिनिटं उशिरा येते हे मी शाळेत पाठ केलं होतं. आणि आमच्या गावात म्हाताऱ्या बायकांच्या ओळखपत्रावर जन्माचं फक्त वर्ष असतं, हे तर मला पाठही करावं लागलं नव्हतं. माझ्या आजीच्या ओळखपत्रावर तसंच होतं. मोबाइल तारीख मागतो, म्हणून सी लारूसींनी सगळ्यांना एक जानेवारी दिली होती.

रांग संपल्यावर मी त्यांना सांगितलं. गट, रौदा, तक्ता, सगळं. शल्बियामावशी अजून तिथेच होती, पण तिचं लक्ष फोनच्या पिशवीला गाठ मारण्यात होतं. सी लारूसी ऐकत राहिले. पेन खाली ठेवलेलं होतं.

"तक्ता दाखव."

मी फोन दिला. त्यांनी चष्मा खाली ओढला आणि बराच वेळ वाचलं.

"बुधवारी साडेबारा नाही," ते म्हणाले. "पाऊण. वहीत आहे."

"सी लारूसी..."

"काम नीट केलंयस. मी केलं असतं तर असंच केलं असतं." फोन परत देताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "फक्त एक गोष्ट करायची राहिली, उस्ताद. एका तरी बाईला विचारायचं होतंस."

"मी आजच काढून टाकतो."

"काढ. आणि खुलासा कर. विशेषणं नकोत."

मी तिथूनच रौदाला फोन केला. तिने शांतपणे सगळं ऐकलं.

"म्हणजे एकतीस खाती एकच माणूस चालवतो," ती म्हणाली.

"तो चालवत नाही गं. त्या बोलतात, तो लिहितो."

"तू त्यांना बोलताना ऐकलंस? सगळ्यांना?"

"एकीला ऐकलं."

"नौफल, माझ्या मावशीच्या वेळीही लिहिणारा कोणीतरी म्हणालाच असेल, मी फक्त लिहितो."

"शब्द सारखे म्हणून खोटे होत नाहीत. गटात कोणी गेल्याची बातमी आली की पाचशे लोक प्रार्थनेची एकच ओळ लिहितात. आपण तक्ता करतो का?"

"ती श्रद्धा आहे. हे राजकारण आहे." मग ती म्हणाली, "काढून काय होणार? चित्र सगळ्यांच्या फोनवर गेलंय. आता काढलं तर म्हणतील, चालकांना पैसे पोचले."

मी माझ्या नावाने खुलासा टाकला. पहिल्यांदाच. नऊ ओळी, एकही विशेषण नाही. पहिली प्रतिक्रिया तीन मिनिटांत आली: "किती मिळाले?" दुसरी: "बत्तिसावी माशी." मग कोणीतरी शोधून काढलं की मी सी लारूसींबरोबर रोज चहा प्यायचो. त्याला फोटोसुद्धा मिळाला. तासाभराने खुलासा दिसेनासा झाला आणि गटाचं दार मला बंद झालं. रौदाने निरोप पाठवला होता. 'गटाचा विश्वास राहिला पाहिजे. मला माफ कर.'

मंगळवारी कंपनीच्या वकिलाने खोट्या बातम्यांच्या कायद्याखाली फिर्याद दिली. संघटितपणे, खोट्या खात्यांच्या जाळ्यातून, कंपनीच्या गाळाबद्दल अफवा. पुरावा म्हणून माझा तक्ता जोडला होता. नगरपालिकेने हरकती स्थगित ठेवल्या.

गुरुवारी पोलीस टेबलाशी आले. त्यांनी छत्री सोडून सगळं नेलं. टाइपरायटर, परवाना, वही. वहीत प्रत्येक हरकत होती. तारीख, वेळ, बाईचं नाव, अंगठा. इतका नीटनेटका पुरावा त्यांना कधी मिळाला नसेल. तपास करणाऱ्याने वर्तमानपत्राला सांगितलं की टोळीच्या म्होरक्याकडे सदस्यांची नोंदवही सापडली आहे.

सी लारूसी पाच आठवडे कोठडीत होते. त्यांची मुलगी स्फाक्सहून यायची. मला भेटायची परवानगी नव्हती. मी तिच्याबरोबर फाटकापर्यंत जायचो आणि बाहेर बसायचो. ती एकदा म्हणाली, "बाबा विचारत होते, उस्ताद नोकरीवर जातोय ना." मी जात नव्हतो.

कोर्टाने नेमून दिलेला वकील तरुण होता, माझ्याएवढाच. त्याने मला व्हरांड्यात गाठून समजावलं.

"दोनच वाटा आहेत. शब्द बायकांचे, असं ठरलं तर हरकती टिकतील. पण मग गाळाचं वाक्य एकतीस जणींनी लिहिलं असं होईल. पुरळ उठल्याचा डॉक्टरचा कागद कुणाकडे नाही. एकतीस आरोपी."

"आणि दुसरी?"

"शब्द त्याचे, असं ठरलं तर आरोपी एक. पण मग हरकत एकही नाही."

"ते काय म्हणतात?"

"म्हणतो, आधी शल्बियाला विचारू दे. मी म्हटलं, तिला न्यायाधीशच विचारतील."

गाबेसच्या कोर्टात त्या दिवशी एकोणीस बायका आल्या होत्या. दिवस मोठ्या ओहोटीचा होता. एका दिवसाचं काम सोडून आल्या होत्या. सी लारूसी बारीक झाले होते. दाढी कुणीतरी घाईत केलेली दिसत होती.

न्यायाधीशांनी शल्बियामावशीला पुढे बोलावलं.

"बाई, ही हरकत तुमची?"

"माझी."

"वाचता येतं?"

"नाही. पण मला ऐकवली होती."

"मग यात काय लिहिलंय, सांगा."

"सांगते की. मी म्हटलं, हा समुद्र त्याच्या बापाचा आहे का? माझी आई याच चिखलात वाकून वाकून मेली. यांचं यंत्र आलं तेव्हापासून काळं पाणी येतंय, माझ्या नातवाच्या अंगावर फोड आलेत. कुंपण घातलंत तर ते उपटून तुमच्या नगराध्यक्षाच्या दारात रोवीन."

लोक हसले. न्यायाधीशांनी हात वर केला आणि कागद वाचला. 'मी, खाली सही करणारी, सदर किनाऱ्यावरील माझ्या पिढीजात उपजीविकेस बाधा पोहोचत असल्याने प्रस्तावास हरकत नोंदवते...'

"यात बाप कुठे आहे? कुंपण उपटणं कुठे आहे?"

"तेच तर आहे ते!" शल्बियामावशी म्हणाली. "लिहिताना तसंच लिहितात."

"म्हणजे हे शब्द तुमचे नाहीत."

"माझेच आहेत. त्यानं धुऊन दिले."

पुन्हा हशा झाला. सी लारूसी हसले नाहीत. न्यायाधीश कारकुनाला काहीतरी सांगू लागले, आणि पुढच्या बाईचं नाव पुकारलं गेलं. लतीफा. तिच्या कडेवर मूल होतं. ती उठताना अडखळली.

तेव्हा सी लारूसी उभे राहिले आणि बोलायची परवानगी मागितली.

"साहेब, आणखी कुणाला बोलावू नका. शब्द माझे होते. बायकांना त्यातलं काही माहीत नव्हतं. अंगठे मी दुसऱ्या कामाचे म्हणून घेतले."

ते अगदी सरळ आवाजात बोलले, रोज वाचून दाखवायचे तसे. वकिलाने डोळे मिटले. मला ओरडावंसं वाटलं आणि मी ओरडलो नाही.

शल्बियामावशी ओरडली. "खोटं बोलतोय! लारूसी, खोटं का बोलतोस? मी बोलले होते! मी!"

शिपायाने तिला खांदा धरून खाली बसवलं. सी लारूसींनी मान वळवली नाही. बाकीच्या बायका जागच्या उठल्या नाहीत. लतीफा मुलाला घेऊन बसली आणि तिने चेहरा त्याच्या मानेत लपवला.

आठ महिने. परवाना कायमचा रद्द.

नगरपालिकेने पंधरा दिवसांनी निवेदन काढलं. एकतीस हरकती एकाच व्यक्तीची रचना असल्याचं कोर्टात सिद्ध झाल्याने त्या रद्दबातल. शिल्लक हरकती चार. त्यांतली एक कुंपणाच्या रंगाबद्दल होती. 'सीदी सालेमचा आवाज'वर ते निवेदन विजयासारखं फिरलं. खरं तर जिंकली कंपनी, हे कुणी लिहिलं तर त्याला विचारलं जायचं, तू कुणाची माशी?

रौदाने मला एकदा फोन केला. आधी दुकानाबद्दल काहीबाही बोलली. मग ती म्हणाली, "मी चुकले असेन, तर आता काय करता येईल?" उत्तराची वाट न बघता तिने फोन ठेवला.

परवा सकाळी शल्बियामावशी माझ्या घरी आली. कधी आली नव्हती. आत ये म्हटलं तर उंबऱ्यावरच बसली. पदराआडून तिने निकालपत्राची प्रत काढली. वकिलाकडून मागून आणली होती.

"लोक म्हणतात, लारूसीनं आम्हाला वाचवलं. कळतं मला. लतीफाचं पोर अंगावर पितंय, तिला आत टाकलं असतं तर?"

"हो, मावशी."

"मी त्याला शिव्या देत नाही. त्याच्या मुलीबरोबर डबा पाठवते मी. पण यात माझं काय लिहिलंय ते मला बघायचंय. माझं नाव कुठंय, दाखव."

कागद चार पानांचा होता. मी पहिल्यापासून वाचत गेलो. 'आरोपी', 'सदर खाती', 'काही निरक्षर महिला', 'सदर महिलांच्या अज्ञानाचा फायदा घेऊन'. नाव नव्हतं.

"नाही, मावशी."

"नीट बघ. शल्बिया बिन्त अम्मार."

"नाही."

"लतीफाचं?"

"नाही."

"झाझियाचं असेल. तिनं सगळ्यात जास्त लिहून घेतलं होतं."

मी पुन्हा पहिल्या पानावर गेलो. ती एकेकीचं नाव घेत होती आणि मी प्रत्येक नावाला बोट फिरवून शोधत होतो, जणू मागच्या वेळी माझ्याकडून सुटलं असेल. तेरा-चौदा नावांनंतर ती थांबली.

"म्हणजे आम्ही काही बोललोच नाही, असं लिहिलंय."

"हो."

"आणि खाली शिक्का आहे?"

"आहे."

ती उठली. किनाऱ्यावर खांब रोवायला सुरुवात झाली आहे, पण दक्षिणेकडचा तुकडा अजून मोकळा आहे. तिथली ओहोटी गाठायला तिला निघायचं होतं. मी कागद घडी घालून पुढे केला.

"ठेव तुझ्याकडे," ती म्हणाली. "माझा नाहीये तो."